१५३ रुपयांची कपात

"मॅडम, पुरवून पुरवून घेतोय," असं म्हणत त्याने गोळ्यांचा डबा माझ्यापुढे सरकवला.

सात वारांचा, सकाळ-रात्र असे चौदा कप्पे असलेला प्लास्टिकचा डबा. किडनी बसवलेल्या बहुतेकांकडे असतो. सकाळच्या कप्प्यांत टॅक्रोलिमसच्या, म्हणजे बसवलेली किडनी टिकवणाऱ्या औषधाच्या कॅप्सूल होत्या, रात्रीचे सातही कप्पे रिकामे. जुलै २०२४ चा दुसरा आठवडा चालू होता. नऊ दिवस तो निम्म्या डोसवर होता आणि हे डॉक्टरांना न सांगता आधी मला सांगायला आला होता, कारण डॉक्टर रागावतील आणि मॅडम कागद बघतील असा त्याचा हिशेब. हिशेब बरोबर होता. मी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवेचं काम करते, दिवसभर कागदच बघते. (त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

वय ३४. मूळचा बीडकडचा, चाकणच्या पट्ट्यात एका व्हेंडर कंपनीत प्रेस मशीनवर पर्मनंट. दोन वर्षं डायलिसिस, मग २०२१ मध्ये आईची किडनी. हे सगळं ईएसआयमधून, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेतून झालं. ऑपरेशननंतर दर महिन्याला विम्याच्या दवाखान्यातून टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट, प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) ही किडनी टिकवणारी औषधं आणि रक्तदाबाची गोळी मिळायची. १ जुलैला, सोमवारी, तो नेहमीप्रमाणे रांगेत उभा राहिला. खिडकीवरच्या माणसाने विमा क्रमांक टाकला आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली: लाभास पात्र नाही.

तिथून तो थेट मेडिकलमध्ये गेला. महिन्याच्या औषधांचे ९,२०० रुपये सांगितले. खिशात होते त्यात दहा-बारा दिवसांचं आलं, तेच तो पुरवत होता.

टॅक्रोलिमस पुरवून घ्यायची गोष्ट नाही. बसवलेली किडनी आईची असली तरी शरीर तिला परकीच मानतं आणि संधी मिळाली की तिच्यावर चाल करून जातं. ते थोपवण्यासाठी हे औषध बारा-बारा तासांनी, घड्याळ लावून घ्यावं लागतं. रक्तातली पातळी थोडी कमी झाली की किडनी धोक्यात, थोडी जास्त झाली तर औषधच किडनीला मारतं. त्याची पातळी नेहमी सहाच्या आसपास असायची, त्या दिवशी २.९ आली. रक्तातलं क्रिएटिनिन, जे वाढलं म्हणजे किडनीचं काम मंदावलं, ते १.२ वरून १.८. डॉक्टर रागावले, पण फार नाही. त्यांनी डोस पूर्ववत केला, स्टेरॉइड वाढवलं आणि मला फोन केला, "औषधाचं काय ते आज बघा. उद्या नको."

तर त्या दिवशी दोन कामं होती. उद्यापासून गोळ्या कुठून आणायच्या, आणि विमा गेला कसा.

पहिल्या कामात जे कळलं ते नवीन नव्हतं, पण दर वेळी तितकंच खटकतं. आपल्याकडे ऑपरेशनला पैसा आहे, गोळीला नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्याच जुलैपासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण झालं, किडनी प्रत्यारोपणासाठी अडीच लाखांवरून साडेचार लाख. चांगलीच गोष्ट. पण डिस्चार्जनंतरची औषधं त्यात १० दिवसांची. त्याच्या डिस्चार्जला तीन वर्षं झालेली. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात या औषधांसाठी महिना १० हजारांपर्यंत मदतीची तरतूद आहे, ती दारिद्र्यरेषेखालच्यांना. याचं कार्ड केशरी. मुख्यमंत्री सहायता निधीची मदत एकदाची असते, महिन्याच्या महिन्याला नाही. धर्मादाय रुग्णालयांतल्या राखीव खाटा आणि निर्धन रुग्ण निधी हे मुख्यतः भरती रुग्णाच्या बिलासाठी. खासगी मेडिक्लेमवाला आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतो, आणि घरी बसून घ्यायच्या गोळ्या बहुतेक पॉलिसींत नसतातच.

कुणीतरी त्याला अपंगत्वाचा दाखला काढायला सांगितलं होतं. सल्ला अगदीच वेडा नव्हता, कारण ईएसआयची पगारमर्यादा एरवी २१,००० असली तरी दिव्यांग कामगाराला २५,००० आहे. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे, सिकलसेल आहे, किडनी नाही. त्यासाठी तो एक दिवसाची रजा टाकून जिल्हा रुग्णालयात जाऊन आला होता.

गोळ्यांची सोय शेवटी जशी होते तशी झाली. एका दात्याने पंधरा दिवसांचे पैसे भरले. प्रत्यारोपण झालेल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका बाईंनी त्यांचं औषध बदलल्यामुळे उरलेल्या तीन स्ट्रिप दिल्या. एकाचं औषध दुसऱ्याला देणं नियमात बसत नाही, आणि मी ते कुणाला करायला सांगणारही नाही. पण त्या स्ट्रिप्स आल्यावर मी त्या परत केल्या नाहीत. फार्मसिस्टकडून मुदत, ताकद आणि कंपनी तपासून घेतली, डॉक्टरांना दाखवल्या आणि दिल्या.

आता दुसरं काम. विमा गेला कसा?

त्याचं म्हणणं, "कंपनीत काही बदललं नाही. तोच पगार, तेच मशीन." मी म्हटलं, पगाराच्या स्लिपा आणा. त्याने मोबाइलमधून वर्षभराच्या काढून दाखवल्या. त्या ओळीने लावल्या तेव्हा सगळं एका रकान्यात दिसलं. ऑगस्ट २०२३, ओव्हरटाइम नाही, ईएसआय कपात १५३ रुपये. सप्टेंबर, ओव्हरटाइम धरून २५,०००, कपात १८८. ऑक्टोबर, कपात शून्य. तिथून पुढे जूनपर्यंत शून्य.

"हे लक्षात नाही आलं?"

"दीडशे रुपये जास्तच आले ना मॅडम. दिवाळी होती."

ईएसआयची कपात कामगाराच्या पगाराच्या ०.७५ टक्के आणि मालकाची ३.२५ टक्के. २०,४०० वर कामगाराचे १५३, कंपनीचे ६६३. या ८१६ रुपयांत वर्षानुवर्षं ९,२०० ची औषधं मिळत होती, आणि उपचाराच्या खर्चाला वरची मर्यादा नाही. आपल्या देशात किडनीच्या रुग्णाला रोजच्या गोळ्या देणारा सरकारी विमा कोणता असं कुणी विचारलं तर मी ईएसआयचंच नाव घेते. रांगा, रेफरचे कागद, "आज नाही उद्या या", हे सगळं धरूनही.

पण कपात ऑक्टोबरमध्ये थांबली तर औषधं जूनपर्यंत कशी मिळाली? या योजनेचं कॅलेंडर माहीत नसलेला माणूस फसतो तो इथे. एप्रिल ते सप्टेंबर हा एक अंशदान कालावधी. त्यातल्या वर्गणीचा लाभ मिळतो पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचा लाभ जुलै ते डिसेंबरमध्ये. त्या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. म्हणजे एप्रिल-सप्टेंबर २०२३ ची त्याची वर्गणी त्याला ३० जून २०२४ पर्यंत पुरली. ऑक्टोबरमध्ये कुणीतरी एक आकडा भरला आणि त्याचा परिणाम नऊ महिन्यांनी खिडकीवर दिसला. तोवर ऑक्टोबर कुणाच्या लक्षात राहणार?

तो आकडा काय होता तेही सांगते. कंपनी दर महिन्याला पोर्टलवर वर्गणीची फाइल चढवते. ज्याची वर्गणी शून्य त्याच्यापुढे कारणाचा क्रमांक टाकायचा असतो: रजेवर, नोकरी सोडली, निवृत्त, वगैरे. त्यात चार म्हणजे योजनेच्या कक्षेबाहेर, पगार मर्यादेच्या वर गेला. याच्यापुढे चार होता.

मी एचआरला फोन लावला. समोर एक तरुण मुलगा, बोलायला नम्र.

"मॅडम, त्यांचा पगार पंचवीस हजार होतो. एकवीसच्या वर ईएसआय लागत नाही."

"ओव्हरटाइम सोडून किती?"

"वीस चारशे. पण मिळतात तर पंचवीस ना?"

पेच इतकाच होता. नियम असा होता की वर्गणी कापताना ओव्हरटाइम धरायचा, पण माणूस मर्यादेत आहे की नाही हे ठरवताना धरायचा नाही. एकच रक्कम एका हिशेबात आत आणि दुसऱ्यात बाहेर. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे चुकीचं वाटतं आणि मी त्या मुलाला दोष देत नाही. सप्टेंबरच्या स्लिपवर २५,००० बघून त्याने ऑक्टोबरमध्ये प्रेस शॉपमधल्या सगळ्यांपुढे चार टाकला होता. बाकीच्यांना अजून पत्ता नव्हता. त्यांच्या घरी जुलैत कुणी आजारी पडलं नव्हतं, एवढंच.

फोनवर तो "बघतो" म्हणाला. "बघतो" हे उत्तर फाइलला लावता येत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी मी पेशंटकडून, त्याच्याच सहीने, दोन अर्ज लिहून घेतले. एक कंपनीला, एक ईएसआयच्या शाखा कार्यालयाला. सोबत बारा महिन्यांच्या स्लिपा, नेमणूकपत्र, बँकेचं पासबुक आणि पोर्टलवरच्या वर्गणीची प्रत. अर्जात रडगाणं काढून टाकलं. "मी गरीब आहे, माझी आई म्हातारी आहे" हे त्याने आधी पानभर लिहिलं होतं. खरं होतं, पण शाखा कार्यालयातला माणूस त्यावर काही करू शकत नाही. ठेवलं ते इतकंच: स्थिर वेतन २०,४००, त्यामुळे मी कक्षेत आहे, ऑक्टोबर २०२३ पासून मालकाने वर्गणी भरली नाही, ईएसआय कायद्याच्या कलम ६८ नुसार ईएसआय महामंडळाने मला लाभ द्यावा आणि वसुली मालकाकडून करावी. तेव्हाच्या कायद्यातलं हे कलम असं होतं की मालकाच्या चुकीमुळे कामगाराचा लाभ बुडाला तर महामंडळ लाभ देऊन पैसे मालकाकडून घेऊ शकतं. फार कमी अर्जांत ते लिहिलेलं असायचं. त्यात "शकतं" होतं, "द्यावंच लागेल" नव्हतं, हेही खरं. तरी त्या कलमाची प्रत कंपनीला गेल्यावर फोनचा सूर बदलला.

कंपनीला भरायचं होतं तरी किती? नऊ महिने, महिना ८१६, म्हणजे ७,३४४. ओव्हरटाइमवरची वर्गणी धरून आठ हजारांच्या घरात. वर सालीना १२ टक्के व्याज. सगळं मिळून त्याच्या एका महिन्याच्या औषधांपेक्षा कमी. पैशाचा प्रश्नच नव्हता. जुन्या कालावधीची फाइल पोर्टल कंपनीला स्वतःहून भरू देत नव्हतं, प्रादेशिक कार्यालयाची मंजुरी लागली, आणि त्या मंजुरीसाठी कंपनीला "आमची चूक झाली" असं लेटरहेडवर लिहून द्यावं लागणार होतं. तीन आठवडे गेले ते या एका वाक्यापायी. शेवटी पत्रात "अनवधानाने" हा शब्द आला आणि काम झालं.

मधेच ऑगस्टच्या पगारातून मागच्या वर्गणीचे म्हणून १,५०० रुपये कापले गेले. कामगाराचा हिस्सा ज्या महिन्याचा त्याच महिन्याच्या पगारातून कापता येतो. तेव्हा राहिला तर तो मालकाने सोसायचा. हे तेव्हाच्या कायद्यातच लिहिलेलं होतं, कलम ४०. पुढच्या महिन्यात पैसे परत आले. तो मात्र माझ्यावर जरा नाराज झाला. "जाऊ द्या ना मॅडम, तिथेच नोकरी करायचीय." त्याचं बरोबर होतं की माझं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तेव्हापासून कंपनीला पत्र पाठवण्याआधी मी माणसाला दोनदा विचारते.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पोर्टलवर पात्रता परत दिसली.

मग दवाखान्याच्या खिडकीवर नवीन गाठ. विशेषज्ञांच्या चिठ्ठीवर औषधाचं कंपनीचं नाव होतं. दवाखान्यात ते नाव नव्हतं, दुसऱ्या कंपनीचं टॅक्रोलिमस होतं. त्याने ते घ्यायला नकार दिला, कारण तीन वर्षं त्याला सांगण्यात आलं होतं की कंपनी बदलू नका. फार्मसिस्ट म्हणाला, औषध तेच आहे. दोघंही खरं बोलत होते. औषध तेच, पण टॅक्रोलिमस इतकं काटेकोर आहे की कंपनी बदलली की रक्तातली पातळी पुन्हा बघावी लागते. न बघता दर महिन्याला वेगळी कंपनी घेतली तर धोका. एकदा बदलून, तपासून, तीच चालू ठेवली तर बहुतेकांचं नीट चालतं. डॉक्टरांशी बोलून आम्ही चिठ्ठी अशी लिहून घेतली: मूळ औषधाचं नाव मोठ्या अक्षरांत, ताकद, दिवसाला किती, एकूण किती कॅप्सूल, आणि खाली एक ओळ, "कंपनी बदलल्यास आठवड्याने पातळी तपासावी". त्या एका ओळीमुळे तपासणीही विम्यातून झाली.

त्या तपासणीतही गंमत. पहिला रिपोर्ट ११ आला आणि सगळे घाबरले. नीट विचारल्यावर कळलं, त्याने सकाळी सातला गोळी घेतली आणि नऊला रक्त दिलं. ही पातळी बघायची असते सकाळच्या गोळीच्या आधी, आदल्या रात्रीच्या गोळीला बारा तास होताना. फर्स्ट शिफ्टच्या माणसाची गोळी सातची, लॅब उघडते नऊला. त्याच्या गोळीची वेळच आम्ही सकाळी नऊ-रात्री नऊ करून टाकली. पुढचा रिपोर्ट ५.८.

जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरून घेतलेल्या औषधांच्या बिलांचा परतावा फेब्रुवारी २०२५ मध्ये आला. एक बिल १,१४० रुपयांचं नामंजूर झालं, कारण मेडिकलवाल्याने बिलावर पेशंटऐवजी त्याच्या भावाचं नाव टाकलं होतं. पैसे द्यायला भाऊ गेला होता ना!

क्रिएटिनिन १.८ वरून १.५ वर आलं आणि तिथेच थांबलं. १.२ परत दिसलं नाही. त्याच्या आईने विचारलं, "म्हणजे माझी किडनी किती गेली?" डॉक्टरांनी टक्के सांगितले नाहीत, मीही सांगत नाही.

मार्च २०२५ मध्ये तो परत आला, या वेळी डबा न घेता. कंपनीत पगारवाढ होणार होती, ९०० रुपये. २०,४०० चे २१,३००.

"मॅडम, वाढ नको म्हणू का?"

आजारी असता तर वेगळं होतं. ईएसआयच्या ३४ दीर्घ आजारांच्या यादीत किडनी निकामी होणं आहे. कामावर जाता येत नसेल आणि अटी पूर्ण होत असतील तर दोन वर्षांपर्यंत पगाराच्या ८० टक्के रक्कम मिळते आणि उपचारही चालू राहतात. हा धडधाकट, ओव्हरटाइम करणारा. बरा झाला म्हणून बाहेर.

आम्ही कॅलेंडर घेऊन बसलो. वाढ १ एप्रिलपासून लागली तर नवा अंशदान कालावधी सुरू होतानाच तो मर्यादेबाहेर. मागच्या ऑक्टोबर-मार्चच्या वर्गणीवर औषधं ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. वाढ १ मेपासून लागली तर? कालावधी सुरू होताना पगार मर्यादेत होता, म्हणून मधे वाढला तरी कालावधी संपेपर्यंत, ३० सप्टेंबरपर्यंत, वर्गणी चालूच राहते. आणि त्या वर्गणीवर औषधं ३० जून २०२६ पर्यंत. एका महिन्याचे ९०० सोडले की सहा महिन्यांची औषधं, म्हणजे ५५,२०० रुपये.

तो बराच वेळ कॅलेंडरकडे बघत राहिला. "म्हणजे वाढ नको असं नाही म्हणायचं. एप्रिलची नको म्हणायचं."

एचआरच्या त्या मुलाने हे पहिल्यांदाच ऐकलं होतं, पण या वेळी त्याने "बघतो" म्हटलं नाही. नियम उघडून बघितला आणि पत्र १ मे २०२५ पासूनचं काढलं. प्रेस शॉपमधल्या आणखी दोघांनी, एकाची बायको डायलिसिसवर आहे, तशीच पत्रं मागून घेतली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि वेतनाची व्याख्या बदलली. कुठला भत्ता आत, कुठला बाहेर, हे आता नव्याने बघायचं. त्याच्या स्लिपा परत मागवल्या आहेत. नव्या हिशेबात तो मर्यादेच्या आत बसला तर प्रश्न सुटला. नाही बसला तर जुलै २०२६ पासूनचे महिना ९,२०० कुठून आणायचे ते शोधायचं. फाइल माझ्या टेबलावर आहे, अजून बंद केलेली नाही.